जुनी फरशी आणि नवा रंग

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार समितीच्या सभेत ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीमारुतिरायाच्या कृपेने देवळाचे छप्पर झाले, शिखराचा गिलावा झाला, आता रंगाचा प्रश्न आला आहे. रंग म्हटला की प्रत्येक जण जाणकार असतो. हिशेबाच्या वहीवर बोट ठेवणारे दोघेच निघतात, पण रंगाच्या कार्डावर बोट ठेवायला सगळा गाव पुढे येतो. त्यात वावगे काही नाही, देऊळ सर्वांचे आहे. परंतु सभेपुढे ज्या दोन सूचना आल्या आहेत त्यांचा विचार घाईने होऊ नये. पहिली सूचना अशी की, सभामंडपातील जुनी नक्षीची फरशी उखडून तेथे ग्रॅनाइट बसवावे. दुसरी अशी की, फरशी ठेवायचीच असेल तर भिंतींना भगवा ऑइल पेंट द्यावा आणि दारे-खिडक्या ज्याने दिल्या त्याच्या पसंतीच्या रंगात रंगवाव्यात. दोन्ही सूचना भक्तीपोटीच आलेल्या आहेत. तरीही उखडलेली फरशी परत बसत नाही आणि भिंतीत मुरलेला तेलाचा रंग सहजासहजी निघत नाही, हे लक्षात घेतलेले बरे.

आधी फरशीविषयी. ही रंगीत सिमेंटची नक्षीदार फरशी आहे. आपल्या देशात असल्या फरशीला मोठा इतिहास आहे. पूर्वी नक्षीची फरशी विलायतेहून जहाजाने येत असे. 1922 साली सिधवा या पारशी कुटुंबाने भारत टाइल्स हा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या भावनेतून. पुढे वाडे, शाळा, देवळे, दवाखाने अशा अनेक ठिकाणी ही फरशी गेली. ती भट्टीत भाजलेली नसते. लोखंडी चौकटीत पत्र्याचा नक्षीचा साचा ठेवतात, त्याच्या एकेका घरात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण ओततात, साचा अलगद उचलतात, पाठीमागे सिमेंट-वाळू भरून दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात ठेवून पक्की करतात. एकेक फरशी माणसाच्या हातची असते. म्हणूनच दोन फरशांची नक्षी जुळली तरी रेघ किंचित इकडेतिकडे असते.

त्यातले रंग कशाचे? तांबडा आणि पिवळा हे दोन्ही लोखंडाच्या गंजाचे. म्हणजे गेरू आणि पिवडी यांचेच भाऊबंद. पिवडी तव्यावर भाजली तर ती तांबडी होते, हे जुन्या बायकांना ठाऊक असे. आणि ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तेथल्या चित्रकारांनी पाचव्या शतकात गेरू, पिवळी माती, हिरवट माती, काजळी आणि पांढरी माती यांवरच बहुतेक सारे काम भागवले. फक्त निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाचा, तो दुरून आणावा लागे. दीड हजार वर्षांनी हे रंग अजून दिसतात. तेव्हा देवळाच्या पायाखालचे तांबडे, पिवळे, काळे आणि दुधी हे चार रंग काही परके नाहीत, ते या मातीतलेच आहेत.

ग्रॅनाइटच्या बाजूने एक म्हणणे असे मांडले जाते की, पंढरपुरातही फरशी काढलीच ना? होय, काढली. 2024 साली श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचे संवर्धन झाले, तेव्हा 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद होते ते 2 जूनला पुन्हा सुरू झाले. पण तेथे काढले ते मागाहून बसवलेले संगमरवर, ग्रॅनाइट आणि टाइल, आणि त्याखालून निघाला तो मूळचा दगड. इथे फरशीखाली दगड नाही, मुरूम आणि चुन्याची भर आहे. इथली मूळ फरशी हीच. पंढरपूरचा दाखला घ्यायचा असेल तर तो असा घ्यावा लागतो की, चकचकीत ते काढले आणि जुने ते ठेवले. शिवाय शनिवारी तेल सांडते, श्रावणात ओल्या पायांनी प्रदक्षिणा होतात. अशा वेळी पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर म्हातारी माणसे घसरतात, ही गोष्ट दात्यांनीही मनात घ्यावी. उंबरठ्याजवळच्या फरशीवर ज्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांनी ती भक्तांची पायधूळ लागावी म्हणूनच तेथे कोरून घेतली. ती नावे नव्या देणगीसाठी फोडणे बरे दिसणार नाही.

फरशी ठेवायची हे ठरले की रंगाचा अर्धा निकाल आपोआप लागतो. भिंत दर पाच-दहा वर्षांनी रंगवता येते, फरशी बदलत नाही. म्हणून रंगाची निवड फरशीने करावी, कार्डाने नव्हे.

मात्र त्याआधी फरशी धुवायला हवी. आज तिला सगळे "काळपट" म्हणतात, पण तो काळेपणा तेलाचा, उदबत्तीच्या राखेचा आणि वर्षानुवर्षांच्या पायांचा आहे. धुताना ऍसिड अजिबात वापरू नये. बाजारात बाटलीत मिळते ते ऍसिड सिमेंट आणि संगमरवराची भुकटी दोन्ही खाते. वरचा रंगाचा थर काही दोरे जाडीचाच असतो, तो एकदा गेला की नक्षी गेली. साधे पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा ब्रश एवढ्यावर काम होते. समईखाली तेल मुरलेले असेल तेथे मुलतानी मातीचा किंवा खडूच्या भुकटीचा लेप देऊन वाळू द्यावा, तेल लेपात ओढले जाते. एकदा होत नाही, दोन-चार वेळा करावे लागते. फुटलेल्या जागी बाजारातल्या नव्या चकचकीत फरशीचा तुकडा बसवण्यापेक्षा ज्या कोपऱ्यात भजनाची पेटी आणि सतरंज्यांचा ढीग असतो तेथल्या चांगल्या फरशा काढून मध्ये बसवाव्यात आणि कोपऱ्यात साधी फरशी टाकावी.

धुतलेली फरशी वाळली की मगच भिंतीकडे पाहावे. इथे एक चूक फार ठिकाणी होते. देऊळ म्हणून भिंत पांढरीशुभ्र करतात. जुन्या फरशीतला पांढरा हा पांढरा नसतो, तो दुधी असतो, आणि त्यात पिवळ्याची झाक उतरलेली असते. त्याच्या शेजारी नीळ घातलेला पांढरा आला की फरशी एकदम मळकी दिसायला लागते. मग लोक म्हणतात, फरशी खराब झाली. पुन्हा ग्रॅनाइटची गोष्ट निघते! वास्तविक दोष भिंतीचा असतो. भिंतीला फरशीतलाच दुधी, हवे तर एक पायरी फिका, द्यावा. त्यासाठी सुटी झालेली एक फरशी पिशवीत घालून रंगाच्या दुकानात न्यावी. कार्डावरच्या नावांवर जाऊ नये, कारण नाव "चंदन" असते आणि रंग मोरीचा निघतो.

भिंत तांबडी करण्याचाही मोह होतो. फरशीतला तांबडा आणि भिंतीचा तांबडा सहसा जुळत नाहीत, आणि जवळजवळ जुळलेला रंग तर न जुळलेल्यापेक्षा वाईट दिसतो. विटकरी तांबड्यात पिवळ्याची झाक असते, गुलाबीत निळ्याची. त्यामुळे या फरशीवर गुलाबी भिंत कधीच बसणार नाही, एवढे बिनदिक्कत सांगता येते. त्यात उन्हाचाही भाग आहे. सकाळी दारातून ऊन आत आले की तांबड्या फरशीची छाया भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पडते, आणि दुधी भिंत तेथे थोडी लालसर दिसते. भिंतच तांबडी असेल तर सगळा मंडप अंधारून येतो.

आता भगव्याविषयी. हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. भगवा शिखरावर फडकतो, ध्वजाला शोभतो. पण गाभाऱ्यात मारुतिराय शेंदराचे आहेत. शेंदूर आणि भगवा ऑइल पेंट हे एकमेकांच्या इतके जवळचे रंग आहेत की दारातून पाहणाऱ्याला मूर्ती भिंतीत बुडालेली दिसते. दुधी भिंतीपुढे तोच शेंदूर समईच्या उजेडात लखलखतो. गावाबाहेरून आलेला माणूस देवळात पाय ठेवतो तेव्हा त्याची नजर आधी देवावर गेली पाहिजे, भिंतीवर नव्हे. ज्यांनी भगव्याचा आग्रह धरला त्यांची भक्ती याच कामी यावी. कळसाचा आणि ध्वजस्तंभाचा सारा भगवा त्यांच्या देणगीतून व्हावा, असे सुचवावेसे वाटते.

ऑइल पेंटच्या बाबतीत दुसरी अडचण आहे ती ओलीची. जुन्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत, त्यांना पायातून ओल चढते आणि ती वरून हवेत जाते. तेलाचा थर ही वाट बंद करतो. मग ओल आतल्या आत साठते, लोणा फुटतो आणि पोपडे पडतात. अजिंठ्याला हाच धडा मिळालेला आहे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने इटलीहून कारागीर बोलावले. त्यांनी चित्रे भिंतीला पक्की केली, ते काम मोलाचे होते. पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि खालचे रंग झाकोळले. तो काढण्यात पुढच्या लोकांचे कष्ट गेले. चांगल्या हेतूने दिलेला थरही अंगाशी येतो. म्हणून जुन्या भिंतींना चुन्याची सफेदीच द्यावी. कळीचा चुना आठ-दहा दिवस आधी भिजवावा (तो उकळतो, मुलांना लांब ठेवावे), गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक आणि पिवडीची चिमूट घालावी. चुना ओला असताना गडद आणि वाळल्यावर बराच फिका दिसतो, तेव्हा बादलीत पाहून ठरवू नये. नव्याने बांधलेली सिमेंटच्या गिलाव्याची भिंत आहे तिला बिनचकाकीचा पाण्यातला रंग चालेल, पण छटा तीच. दगडी खांबांना काहीही लावू नये. त्यांच्यावरचा जुना निळा रंग काढताना घासयंत्र चालवू नये, छिन्नी तर नकोच.

राहिल्या चौकटी, दारे, खिडक्यांचे गज, कठडा आणि भिंतीच्या पायथ्याचा पट्टा. फरशीच्या कडेने जी काळपट तांबडी पट्टी फिरलेली आहे तिचाच रंग या सर्वांना द्यावा. गेरूपेक्षा थोडा गडद, कॉफीकडे झुकणारा. भिंतीच्या पायथ्याला तो सहा इंचांपर्यंत असावा, म्हणजे झाडणी-पुसणीचे डाग दिसत नाहीत. शहरातल्या बीबी-का-मकबऱ्यात कारागिरांनी केलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. खाली कमरेइतका संगमरवर, त्यावर बराचसा भाग काळ्या दगडाचा आणि वर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. पण दोहोंची छटा इतकी जवळची राखली की, पाहणाऱ्याला जोड चटकन सापडत नाही. सागवानी मूळ चौकटी दोन आहेत, त्यांना रंग न लावता जवसाचे तेल द्यावे. लोखंडाला ऑइल पेंटच हवा, तेथे वाद नाही.

आणि हा रंग सगळीकडे एकच हवा. ज्यांनी दरवाजा दिला त्यांना तो हिरवा हवा, ज्यांनी खिडक्या दिल्या त्यांना आकाशी. असे झाले तर देऊळ राहणार नाही, रंगाच्या दुकानाची पाटी होईल. देणाऱ्याचे नाव सभामंडपाबाहेरच्या एकाच संगमरवरी फलकावर, रकमेच्या क्रमाने नव्हे तर अकारविल्ह्याने यावे, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. तो मान्य झाला तर दरवाजा कोणाचा हे रंगावरून ओळखण्याची गरज उरणार नाही.

काम सुरू करण्याआधी भिंतीवर दोन फूट लांब-रुंद असे तीन नमुने, फरशीला टेकतील असे, मारावेत. कमरेच्या उंचीवर मारलेला नमुना फसवतो. ते तीन दिवस राहू द्यावेत. काकड आरतीच्या वेळी, भर दुपारी आणि संध्याकाळी समई लावून, असे तिन्ही वेळा ग्रामस्थांनी पाहावेत. ट्यूबलाइट बंद करूनही पाहावेत, कारण त्या उजेडात दुधी रंग निळसर दिसतो आणि समईत पिवळा. बायकांचे मत आवर्जून घ्यावे. रोज सडा-रांगोळी त्याच घालतात, रंगाची पारख त्यांना अधिक.

हिशेब थोडक्यात. नव्या भिंतीचे क्षेत्र दारे-खिडक्या वजा जाता पाचशे चौरस फूट धरले तर, दोन हातांना एक लिटर साधारण शंभर चौरस फुटांना पुरतो, म्हणजे पाच लिटर. सगळे डबे एकाच बॅचचे, एकाच दिवशी घ्यावेत, नाहीतर एका भिंतीत दोन छटा येतात. आधी छत, मग भिंती, मग चौकटी आणि शेवटी पायथ्याचा पट्टा. फरशीवर जुनी ताडपत्री अंथरावी. वर्तमानपत्र अंथरू नये, ते भिजले की शाईचा डाग फरशीत उतरतो. चुन्याचा थेंब पडला तर वाळण्याआधी ओल्या फडक्याने टिपावा. काम संपल्यावर उरलेला अर्धा-पाऊण लिटर रंग फेकू नये. डब्यावर तारीख, बॅच क्रमांक आणि कोणती भिंत ते लिहून तो पुजाऱ्यांच्या खोलीतल्या फडताळात ठेवावा, आणि तशी नोंद मंदिराच्या दप्तरात करावी.