मांजराचें लंघन



आजारी माणसाच्या उशाशीं बसून काय करावें हें आपणां सर्वांस थोडेंबहुत ठाऊक असतें. माणूस कण्हतो, पाणी मागतो, कोठें दुखतें तेथें बोट ठेवून दाखवितो. घरांतील मांजर मात्र यांतलें कांहींच करीत नाहीं. तें ताटलीकडे पाठ फिरवितें आणि कोपरा गांठतें. या पाठ फिरविण्याचा अर्थ वेळेवर कळला नाहीं तर काय होतें, हें मला एका मांजराच्या मरणानें शिकविलें आणि दुसऱ्याच्या जगण्यानें पटवून दिलें. तेवढीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझें गांव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें तें एक लहानसें स्थानक आहे. ज्वारीच्या मुलखांत घरीं पोतीं आलीं कीं उंदीर येतात, आणि उंदीर आले कीं मांजर येतें. त्यास कोणी आमंत्रण देत नाहीं व पगारही देत नाहीं. मनुष्य आणि मांजर यांचा हा करार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाजवळच पुरलेलें मांजर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. इतका जुना हा शेजार. तरी या शेजाऱ्याचें दुखणें ओळखण्यांत आपण अजून कच्चेच आहोंत.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या घरीं मनी नांवाची एक करड्या रंगाची, अंगानें चांगली गुटगुटीत अशी मांजरी होती. वैशाखाचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४२ अंशांपर्यंत सहज चढतो. एके दिवशीं सकाळीं तिनें दूधभाकरीला तोंड लावलें नाहीं. दुपारीं पाहतों तों ती रांजणाजवळच्या परळापाशीं बसलेली; मान पाण्यावर झुकलेली, परंतु जीभ कांहीं बाहेर येईना. त्या वेळीं माझी आई हयात होती. ती म्हणाली, "लंघन करूं दे तिला. पोट बिघडलं असंल. दोन दिवसांत आपोआप उंदरामागं पळती का न्हाई, बघ."

मलाही तें पटलें. तापाच्या आरंभीं लंघन करावें असें आपल्या वैद्यकांत सांगितलेलेंच आहे, आणि शाळेंत आरोग्याचा पाठ शिकवितांना लंघनाचे गुण मीं कितीदां तरी वर्णिले होते. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशीं मला धीर धरवेना. मीं तिचें तोंड उघडून चमच्यानें दूध ओतलें. तिला जोराचा ठसका लागला व निम्में दूध नाकावाटें बाहेर आलें. चौथ्या दिवशीं तिच्या हिरड्या आणि कानांची आंतली बाजू पिवळट दिसूं लागली. पांचव्या दिवशीं पहांटे ती पोत्यांच्या मागें निपचित पडलेली सांपडली.

तिचा मूळ आजार काय होता तें आतां सांगतां येणार नाहीं. परंतु पुढें पशुवैद्यांशीं बोलतांना व वाचतांना जें कळलें, त्यावरून आमची चूक कोठें झाली तें मला स्पष्ट दिसतें.

लंघन मनुष्याच्या देहाला सोसतें. मांजराच्या देहाला सोसत नाहीं. आपण उपाशी राहिलों म्हणजे आपलें शरीर काटकसर करूं लागतें. मांजर हा मांसावर जगणारा प्राणी. त्याच्या यकृताचें प्रथिनें मोडण्याचें काम पोट रिकामें असलें तरी फारसें मंदावत नाहीं. अन्न येईनासें झालें कीं अंगावरची चरबी सुटून यकृताकडे जाते, तेथें तिचा उठाव होत नाहीं, आणि ती तेथेंच सांचून बसते. मग कावीळ होते, मळमळ सुटते, आणि मळमळीमुळें मांजर आणखीच खात नाहीं. गुटगुटीत मांजराला हा धोका अधिक. कधीं कधीं तीन-चार दिवसांचा उपासही त्यास पुरतो. म्हणजे मूळ दुखणें लहान असलें तरी उपास हेंच दुसरें मोठें दुखणें होऊन बसतें. मनीच्या पिवळ्या हिरड्या ही त्याचीच खूण असावी.

पाण्याची गोष्ट याहूनही नाजूक. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांतले. त्यांस पुष्कळसें पाणी शिकारीच्या मांसांतूनच मिळे. त्यामुळें मांजर मुळांतच थोडें पाणी पितें, आणि तें पिणें थांबलें तरी घरांतल्यांच्या लवकर ध्यानांत येत नाहीं. अंगांतलें पाणी आटलें कीं काय हें पाहण्याची एक सोपी रीत आहे. खांद्यांच्या मधली कातडी चिमटींत उचलून सोडावी. निरोगी मांजराची कातडी तत्काळ जागेवर बसते, पाणी आटलेल्याची हळूहळू उतरते. हिरडीला बोट लावून पाहावें. ती ओलसर लागावी, चिकट लागूं नये.

मांजर अन्न कां सोडतें, याचीं कारणें अनेक आहेत. त्याचें जेवण जिभेपेक्षां नाकावर चालतें. सर्दीनें नाक चोंदलें कीं पुढचें अन्न त्यास अन्नच वाटत नाहीं. तोंडांत व्रण असतात, दांत किडलेला असतो, घशांत कांटा रुतलेला असतो. क्वचित् दोरा गिळलेला असतो; त्याचें टोक बाहेर दिसलें तरी ओढूं नये, कारण आंत आंतडें चिरण्याचा संभव असतो. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही पडत नाहीं असें दिसलें, तर मूत्रमार्ग अडला आहे असें समजून त्याच घटकेला निघावें. एक-दोन दिवसांत तें प्राणावर बेततें. लहान पिलांना वांती व जुलाब लावणारा एक सांसर्गिक रोग आहे. तो थोड्याच दिवसांत जीव घेतो, परंतु त्यावर आधींच टोचून घ्यावयाची लस मिळते. आणि उंदरांसाठीं घातलेलें विष हें आमच्यासारख्या धान्याच्या घरांत नेहमींचेंच कारण.

येथें एक सावधगिरीची सूचना मुद्दाम देतों. मांजराच्या तोंडाला लाळ सुटली आहे, गिळतां येत नाहीं, आवाज बदलला आहे, तें एकाएकीं अंगावर धांवून येतें किंवा अंधारांत दडून बसतें, असें दिसल्यास त्याच्या तोंडांत बोट घालूं नये. कुत्र्याप्रमाणें मांजरालाही पिसाळण्याचा रोग होतो, आणि त्यांत घसा लुळा पडल्यामुळें पाणी गिळवत नाहीं. असें मांजर चावलें अगर त्यानें ओरबाडलें, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हा रोग माणसांत एकदां प्रगट झाला कीं बहुधा कोणी वांचत नाहीं.

दुसरी सूचना घरांतल्या औषधांविषयीं. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आपण मुलांनाही मापानें देतों; मांजराच्या यकृतांत ती पचविण्याची सोय नाहीं. एका गोळीनेंही मांजर दगावूं शकतें. कांदा व लसूण घातलेला रस्साही त्याच्या रक्ताला अपायकारक आहे.

आतां दुसऱ्या मांजराची हकीकत. मनीच्या मागें कित्येक वर्षांनीं आमच्याकडे एक पिवळसर बोका आला. नातवंडांनीं त्याचें नांव सोन्या ठेविलें. एका श्रावणांत तो शिंकूं लागला, डोळे चिकटले, आणि त्यानें सकाळचें अन्न सोडलें. संध्याकाळीं तो परळावर मान झुकवून बसलेला दिसला. तें बसणें मीं पूर्वीं पाहिलें होतें. आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, या वेळीं वाट पाहूं नका." दुसऱ्या दिवशीं सकाळींच झांकणाच्या टोपलींत जुनें धोतर अंथरून त्यास परभणीस नेलें. मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आमच्या परभणीस तें १९७२ सालीं झालें. मनी गेली तेव्हांही तें तेथेंच होतें; मी तेथवर गेलों नाहीं, इतकेंच.

पशुवैद्यांनीं त्याचें तोंड पाहिलें. जिभेवर व्रण होते. त्यांनीं कातडीखालीं सलाईन दिलें, औषध दिलें, आणि घरीं काय करावयाचें तें समजावून सांगितलें. तें असें. मांजर शांत, सावलीच्या खोलींत ठेवावें. कोमट पाण्यांत भिजविलेल्या मऊ कापडानें नाक व डोळे वरचेवर पुसावे. अन्न कोमट करून, म्हणजे अंगाच्या उबेइतकें, थोडें थोडें पुढें करावें. कोमट झाल्यानें वास सुटतो. न खाल्लेलें अन्न लगेच उचलावें. पुढें तसेंच ठेवल्यास मांजर त्याचा तिटकारा करूं लागतें. पाण्याचें भांडें पसरट असावें व अन्नापासून दूर ठेवावें. दूध हें पाण्याच्या जागीं देऊं नये. वाढलेल्या पुष्कळ मांजरांना तें पचत नाहीं व जुलाब होऊन उरलेंसुरलें पाणीही जातें. गिळण्याची शक्ति असेल आणि वैद्यांची अनुज्ञा असेल, तरच सुई काढलेल्या पिचकारीनें गालाच्या बाजूनें एकेक मिलिलिटर सोडावें व प्रत्येक घोंट गिळल्यावर थांबावें. मान मागें करून ओतलेलें पाणी फुप्फुसांत जातें. हें ऐकतांना मला माझा तो चमचा आठवला, आणि वैद्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

आमच्या घरीं मांस शिजत नाहीं. शेजारच्या चाचींना कळलें तेव्हां त्यांनीं कोंबडीचे दोन तुकडे मीठ, कांदा, लसूण न घालतां उकडून, कुसकरून वाटींतून पाठविले. "मास्तर, गरम आहे तोंवर द्या," असा निरोपही होता. पहिले दोन दिवस सोन्यानें त्याकडे पाहिलें नाहीं. रोज परभणीची वारी करून सलाईनवर त्यास धरून ठेविलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मीं बोटाला लावलेला रस्सा त्यानें एकदां चाटला, थांबला, आणि पुन्हां चाटला. घरांतलीं सर्व माणसें श्वास धरून उभीं होतीं. आठ-दहा दिवसांत तो पोत्यांवर उड्या मारूं लागला.

या सर्वांतून मी एक वेळापत्रक शिकलों. शाळामास्तराला वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाहीं. वाढलेल्या मांजरानें २४ तास कांहीं खाल्लें नाहीं तर वैद्य गांठावा. पिलानें १२ तास खाल्लें नाहीं तर तेवढाही धीर धरूं नये. अन्नाबरोबर पाणीही सुटलें, किंवा वांती होत असली, तर त्याच दिवशीं निघावें. औषध देऊनही कधीं कधीं मांजर वांचत नाहीं, हें खरें आहे. म्हातारपण आणि मूत्रपिंडाचे आजार यांपुढें वैद्याचाही इलाज थकतो. परंतु अशा वेळीं त्याच्या वेदना कशा कमी कराव्या हेंही वैद्यालाच विचारतां येतें. कोपऱ्यांत एकटें पडूं देण्यापेक्षां तें पुष्कळ बरें.

मांजर मारलें तर काशीस सोन्याचें मांजर दान द्यावें लागतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. मारण्याचें प्रायश्चित्त अशा रीतीनें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पांच दिवस जवळ बसून, पाहत राहून, मरूं दिल्याचें प्रायश्चित्त मला कोणी सांगितलें नाहीं. आज आपणांपुढें बोललों तें त्यांतलेंच थोडेंसें समजावें, आणि आपल्या घरचें मांजर उद्यां ताटलीकडे पाठ फिरवील तर त्यास लंघन घडवूं नये, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.