एका कार्डावर दोन शहरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण मेट्रोच्या कार्डाने माझी जी फजिती केली ती भजनानंतर मी सांगितली, तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "हे सगळ्यांना सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

पूर्वी प्रत्येक गाडीचे कार्ड निराळे असे. एकीचे दुसरीला चालत नसे. मग 4 मार्च 2019 ला अहमदाबादेत पंतप्रधानांनी देशभराचे एक कार्ड सुरू केले. नाव मोठे लांब आहे, नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. देणारी बँक कोणतीही असो, ज्या गाड्यांनी ही पद्धत घेतली आहे तिथे ते चालावे, अशी ही योजना. आपल्याकडे 2023 च्या जानेवारीत दहिसरहून येणाऱ्या मेट्रोबरोबर ते 'मुंबई 1' या नावाने आले.

आता फजिती. सासूबाईंना डोळे दाखवायला अंधेरीला न्यायचे होते. आदल्या रात्री मुलाने मोबाईलवरून कार्डात दोनशे रुपये भरले. सकाळी पोईसरला फाटकाशी कार्ड टेकवते, तो फाटक उघडेना! मागे माणसांची रांग, हातात सासूबाईंचा हात. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाटले, पैसे बुडाले.

तिथल्या मुलीने नीट समजावून दिले. गाडीभाड्याचे पैसे या कार्डाच्या पोटातच असतात. फाटक बँकेला विचारीत बसत नाही, कार्डात आहे की नाही एवढेच बघते. मोबाईलवरून भरलेले पैसे बँकेकडे पोचलेले असतात, पण स्थानकावरच्या यंत्राला कार्ड दाखवल्यावाचून ते कार्डात उतरत नाहीत. म्हणजे मनिऑर्डर पोस्टात आली आहे, आपण ती घेतलेली नाही! तिने यंत्राला कार्ड लावले आणि दोनशे रुपये दिसले.

दुसरी चूक तिथेच केली असती. मी आधी आत जाऊन तेच कार्ड मागे सासूबाईंना देणार होते. तसे चालत नाही. माणशी एक कार्ड, नाहीतर दुसऱ्याचे तिकीट काढायचे. आत जाताना टेकवायचे, बाहेर पडतानाही टेकवायचे, तेव्हा भाडे कापले जाते.

पुढे बहिणीकडे कोथरूडला गेले. मुलगा म्हणाला, "आई, मुंबईचे कार्ड पुण्यात कशाला नेतेस?" पुण्याचे कार्ड 'वन पुणे' नावाचे, पण जात तीच. वनाजला मी देवाचे नाव घेऊन टेकवले, आणि फाटक उघडले. बहीण तिकिटाच्या रांगेत उभी, मी पलीकडे! खोटे कशाला सांगू, मला फार मोठे झाल्यासारखे वाटले. एरवी कुठे जायचे तर ह्यांच्याकडे भाड्याचे पैसे मागायचे, मग कुठे, कशाला, परत कधी, हे सगळे सांगायचे. घरखर्चातून शिल्लक टाकलेले पैसे मीच कार्डात भरते, त्यामुळे मंगळवारी मैत्रिणीकडे जायला कुणाला विचारावे लागत नाही.

सगळेच गोड आहे असे नाही. एका बसमध्ये कंडक्टरने कार्ड उलटसुलट करून परत दिले, "यंत्र घेत नाही, बाई." तेव्हा दहावीस रुपये सुटे जवळ असू द्या. लोकलचा पासही अजून निराळाच. आणि कार्डाच्या पोटात दोन हजारांपर्यंत मावतात म्हणून तितके भरू नका. फाटकावर आकडा विचारत नाहीत, म्हणून सापडेल त्याला वापरता येते. हरवले तर त्यातले पैसे गेलेच समजा. मी दोनशेच्या वर ठेवीत नाही.

ज्यांना कार्ड घ्यायचे आहे त्यांनी बुधवारी चारला देवळापाशी यावे. मोबाईल आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. मी येतेच आहे. सासूबाईही येणार आहेत, त्यांना आता स्वतःचे कार्ड हवे आहे.