कोपरची खाडी आणि आपली विहीर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचे सकाळी बोलून झाले. आता पाण्याचे बोलू. सुरुवात ठाणे जिल्ह्यातल्या कोपरपासून करतो.

मुंबईकडे जाताना लोकलने डोंबिवली सोडली की दिव्याच्या आधी कोपर लागते. शेजारीच उल्हास नदीची खाडी. पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण पिण्याचे पाणी वरच्या अंगाला मोहिलीसारख्या ठिकाणी उचलून, शुद्ध करून नळाने आणावे लागते. डोंबिवलीत रंगांचे, रसायनांचे कारखाने आहेत. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवट पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ताच गुलाबी झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायन ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो माणसे दवाखान्यात पोचली.

या नदीत आपल्या बाजूचेही पाणी आहे बरे का! मावळातल्या आंध्रा नदीचे पाणी भीमेला मिळायचे, म्हणजे सोलापूरच्या ज्वारीच्या रानाकडे जायचे. ठोकरवाडीला ते अडवले. १९२२ पासून ते टाटांच्या भिवपुरी वीजघरातून घाटाखाली उतरते आणि उल्हास नदीत जाते. कोरडवाहू मुलखाचे पाणी गेले, आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनी ते नासवले.

कायदा नव्हता काय? जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. मंडळही आहे. तरी 'वनशक्ती' या संस्थेला हरित लवादाकडे जावे लागले. जुलै २०१५ मध्ये लवादाने नगरपालिका, महापालिका, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याला ४१ वर्षे झाल्यावर हा दंड झाला, आणि तोही लोकांच्या अर्जावर. ज्याला पाणी प्यायचे आहे त्याने विचारल्याशिवाय कोणी तपासत नाही.

आपल्या गावात कारखाना नाही, म्हणून आपले पाणी चांगले असे समजू नका. विहिरीला लागून उकिरडा, रानात युरिया. दोन्हींतला नायट्रेट पाझरून पाण्यात येतो. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर वरचे दूध पिणारे तान्हे मूल निळे पडू शकते. त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळून तो जात नाही, उलट आटल्यावर वाढतो. टीसीएल पावडरनेही जात नाही. त्याला तालुक्याच्या प्रयोगशाळेतली तपासणीच हवी.

टीसीएलचा उपयोग जंतूंसाठी. पण पोते ग्रामपंचायतीत उघडे पडले असेल तर त्यातला क्लोरीन उडून जातो, मग टाकीत चुनाच पडतो म्हणा ना! हे घरी ओळखता येते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीची बाटली असते. नळाचे पाणी नळीत घ्यायचे, थेंब टाकायचे. पिवळे झाले तर क्लोरीन पोचला, नाही झाले तर नाही. गावाच्या शेवटच्या नळावर करायचे, टाकीखालच्या नव्हे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात: ओटी चाचणीची महिन्याची नोंद आणि गावाला मिळालेले कार्ड लाल आहे, पिवळे की हिरवे, ते. ग्रामसेवक नोंदवही दाखवत नसेल तर तसे लिहून आणा.