दोन नकाशे, एकच जमीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुंबईच्या महानगर गॅस लिमिटेडने १ फेब्रुवारी २०२४ रोजी युनिसन एन्व्हायरो ही कंपनी विकत घेतली. ही बातमी व्यापाराच्या पानावर आली, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून ती सुटली असेल. पण तिचा आपल्याशी संबंध आहे. युनिसनकडे गॅसवाटपाची तीन क्षेत्रे होती: रत्नागिरी, कर्नाटकातले चित्रदुर्ग-दावणगेरे आणि आपले लातूर-धाराशिव. म्हणजे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे अणदूरही गॅसच्या हिशेबाने त्या दिवसापासून मुंबईशी जोडले गेले.

कंपन्या एक होतात तेव्हा पैशांचे हिशेब एक होतात, नोकरवर्ग एक होतो, पाटी बदलते. हे सारे ठरलेल्या मुदतीत उरकते. मागे राहतो तो नकाशा. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. खरेदीखत झाले म्हणजे मोजणी झाली असे होत नाही, आणि खरे भांडण बांधावर गेल्यावरच कळते.

गॅस आणि वीज या दोन धंद्यांची गाठ पडते तेव्हा तर हे काम फारच अवघड होते. ब्रिटनमध्ये २००२ साली वीजवाहिन्यांची नॅशनल ग्रिड आणि गॅसवाहिन्यांची लॅटिस या कंपन्या एक झाल्या. आपल्याकडे टोरंट आणि अदानी या समूहांच्या हाती वीजवितरण आणि शहरी गॅस हे दोन्ही व्यवसाय आहेत. अणदूरला वीज महावितरणची आणि गॅसचे क्षेत्र दुसऱ्या कंपनीचे. पण मालक वेगळे असले तरी रस्ता एकच आहे आणि खोदणारा जेसीबीही एकच आहे. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही नकाशे संगणकावर आहेत, मग एकावर एक ठेवले की झाले! तसे होत नाही. का, ते पाहू.

विजेच्या नकाशात पहिला प्रश्न असतो, कोणाला पुरवठा कुठून होतो. उपकेंद्र, तिथून निघणारी अकरा केव्हीची लाइन, मग डीपी आणि डीपीवरून घर. खांब नकाशात चार हात इकडेतिकडे पडला तरी फारसे बिघडत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण कोणती लाइन कोणत्या डीपीला जाते हे चुकले, तर वायरमन एक लाइन बंद करील आणि दुसऱ्याच चालू तारेला हात लावील.

गॅसचे सारेच जमिनीखाली. त्यामुळे तिथे पहिला प्रश्न असतो, नळी नेमकी कुठे आणि किती खोल. शिवाय गल्लीबोळांत घातली जाणारी नळी पॉलिइथिलीनची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. धातू शोधणाऱ्या यंत्राला ती सापडत नाही. नकाशात दोन हातांची चूक म्हणजे जेसीबीचा दात थेट नळीत. विजेच्या नकाशात खपून जाणारी चूक गॅसच्या नकाशात जिवावर बेतते. दोन्ही नकाशे एका पडद्यावर आले की मात्र सगळ्या रेघा सारख्याच ठाम दिसू लागतात.

दुसरी अडचण मापाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. मोबाइलमधले जीपीएस १९८४ सालचा आकार धरून चालते. आपल्या भागात या दोहोंमुळे एकाच जागेत शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. जाणकार माणूस सूत्र लावून तो काढू शकतो. पंचाईत होते ती नकाशा कोणत्या मापाने काढला हे त्यावर लिहिलेलेच नसते तेव्हा.

तिसरी अडचण खुणांची. 'रस्त्याच्या कडेपासून दोन मीटर' अशी नोंद करण्याची जुनी पद्धत आहे. अणदूरजवळून जाणारा महामार्गच घ्या. पूर्वी तो ९ क्रमांकाचा होता, आता ६५ क्रमांकाचा आहे. तो चौपदरी करताना कडाच सरकली. अशा वेळी जुन्या नोंदीतले दोन मीटर कोणत्या कडेपासून मोजायचे? कडुलिंबाचे झाड, कोपऱ्यावरचे दुकान, शाळेचे फाटक या खुणांचेही तेच. झाड जाते, दुकान हलते, नोंद मागे उरते.

या साऱ्यातून काय होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत कॅलिफोर्नियात घडले. तिथली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही कंपनी नावाप्रमाणेच गॅस आणि वीज दोन्ही पुरवते. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी सॅन ब्रुनो गावात तिची जमिनीखालची मोठी गॅसवाहिनी फुटली. आठ माणसे मेली, ३८ घरे नष्ट झाली. त्या वेळी दूरच्या एका गॅसकेंद्रात अखंड वीजपुरवठ्याची यंत्रणा बदलण्याचे काम चालू होते. त्यात झडपांचे नियंत्रण सुटले आणि वाहिनीतला दाब वाढला. वाहिनी धड असती तर तिने तो सोसला असता. कंपनीच्या संगणकीय नकाशात १९५६ साली टाकलेला तो तुकडा बिनजोड नळीचा म्हणून नोंदला होता. प्रत्यक्षात तिला लांबीच्या दिशेने वेल्डिंगचा सांधा होता, आणि काही ठिकाणी तो अर्धवटच भरलेला होता. नोंद जुन्या हिशेबाच्या कागदावरून आली होती. ती पुढे उतरवली गेली, त्यावरून संगणकात गेली. प्रत्येक टप्प्यावर ती अधिक खरी वाटत गेली. जमीन उकरून कोणी पाहिले नाही. पुढे २०११ मध्ये कागदपत्रांची खोकीच्या खोकी काउ पॅलेस नावाच्या भल्यामोठ्या सभागृहात आणून कंपनीला आपल्याच वाहिन्यांची माहिती शोधावी लागली. २०१५ मध्ये तिला १६० कोटी डॉलरचा दंड झाला. गेलेली माणसे अर्थातच परत आली नाहीत.

यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. नकाशातल्या प्रत्येक रेघेसोबत ती कशी कळली हे लिहिले पाहिजे. खड्डा उघडा असताना मोजली, जुन्या कागदावरून उतरवली, की कोणीतरी सांगितले म्हणून काढली? दोन कंपन्यांचे नकाशे जुळवताना ही माहिती बरोबर आली, तर काम करणाऱ्याला कळते की कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे आधी हाताने उकरून पाहायचे. ती गळून पडली तर अंदाजही मोजणीसारखाच दिसतो. आणि दोन नकाशे भांडू लागले तर निवाडा कचेरीत करायचा नाही, जागेवर जाऊन करायचा.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. अणदूर आणि नळदुर्ग यांचा खंडोबा एकच. देव वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि उरलेला काळ नळदुर्गला. दोन्ही गावे त्याला आपलाच मानतात, पण देव कधी कुठे असायचा हे ठरलेले आहे. नकाशाचेही असेच ठरलेले हवे. गॅसवाले, वीजवाले, पाणीवाले सर्वांनी तो पाहावा. पण कोणती नोंद कोणी बदलायची हे पक्के असावे. दोघांनी आपापल्या प्रती वेगवेगळ्या दुरुस्त करायला घेतल्या, की वर्षभरात पुन्हा दोन नकाशे तयार.

मोठ्या शहरांत या कामाला आधी सुरुवात झाली. वीजवितरण सुधारण्याची केंद्राची योजना २००८ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तीस हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत वीजजाळ्याचे संगणकीय नकाशे करायचे ठरले. अणदूरसारखी गावे त्या अटीत बसत नव्हती. पण २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणाचे ड्रोनने नकाशे काढण्याचे काम देशभर निघाले. त्याचा एक आरंभीचा प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला होता. घरांच्या मालकीसाठी काढलेला असा नकाशा गॅस, वीज आणि पाणी या तिघांनाही पायाभूत नकाशा म्हणून वापरता येईल. तिघांनी एकाच नकाशावर रेघा मारल्या तर पुढे जुळवण्याचा त्रासच राहणार नाही.

खोदकामाआधी वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक मोबाइल ॲपही सुरू केले. फायबर केबल तुटून देशाचे दरवर्षी सुमारे तीन हजार कोटींचे नुकसान होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. केबल तुटली तर फोन बंद पडतो. गॅसची नळी तुटली तर काय होते ते आपण आताच ऐकले.

ॲप आले तरी एक काम गावानेच करायचे आहे. रस्ता खोदायचा तर माणूस ग्रामपंचायतीकडेच येतो. तिथे एक वही ठेवावी. कोणी, कधी, कुठे, किती खोल खोदले आणि खाली काय दिसले, हे खड्डा बुजवण्याआधी लिहावे. पक्क्या खुणेपासून टेपने मोजावे, मोबाइलवर फोटो काढावा. याला ना अनुदान लागते, ना मोठा इंजिनिअर. पाण्याची जुनी लाइन कुठून वळते, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीचा, हे आज पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात आहे. कोणती तार कोणत्या डीपीची, हे वायरमनला तोंडपाठ आहे. तो निवृत्त झाला की तो नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो. त्याआधी त्याला सोबत घेऊन गावातून एक फेरी मारावी आणि तो सांगेल ते लिहून घ्यावे. शेजारी मात्र आठवणीने नोंदवावे की हे ऐकलेले आहे, मोजलेले नाही.

कंपन्या विकत घेतल्या जातील, पाट्या बदलतील. गावाची वही नीट असेल तर नवा मालक आला तरी जमिनीखालचे गाव पुन्हा शोधत बसावे लागणार नाही, आणि खड्ड्यात उतरणारा मजूर संध्याकाळी सुखरूप घरी जाईल.