चिमूटभर मीठ आणि गळ्यातील ग्रंथी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चंदीगड येथे, सेक्टर १७ मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सेक्टर १७ हे चंदीगडचे हृदयस्थान. येथून उत्तरेकडे गेल्यास शिवालिकच्या टेकड्या लागतात आणि त्यांच्या पलीकडे, धौलाधार रांगेच्या पायथ्याशी, कांगडा खोरे पसरले आहे. आज ते हिमाचल प्रदेशात आहे. १९६६ पर्यंत मात्र पंजाबात होते आणि त्याची राजधानी चंदीगडच होती. थायरॉईडविषयी भारताने जगाला दिलेला मोठा धडा याच खोऱ्यातील शाळकरी मुलांच्या गळ्यांवरून वाचला गेला.

थायरॉईड, म्हणजेच अवटु ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा, वजन जेमतेम २० ग्रॅम. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. नावातील आकडे म्हणजे त्यांतील आयोडीनच्या अणूंची संख्या. शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन, मुलांची वाढ आणि गर्भाच्या मेंदूची घडण या साऱ्यांना ही संप्रेरके लागतात. ती कमी पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडून थायरॉईडला कामाला जुंपते. म्हणूनच तपासणीत टीएसएच वाढलेले असेल, तर बहुधा थायरॉईड मंदावलेली असते. आयोडीनच मिळाले नाही, तर या सततच्या तगाद्याने ग्रंथी फुगत जाते. तोच गलगंड.

डोंगराळ मुलखात बर्फाच्या व पावसाच्या पाण्याने मातीतील आयोडीन वाहून जाते. कांगड्यातही तेच घडले होते. १९५६ मध्ये डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग केले. तेथील सुमारे ३८ टक्के शाळकरी मुलांना गलगंड होता. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले, तिसऱ्याला साधे. १९६२ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा पहिल्या दोन विभागांतील प्रमाण १९ आणि १५ टक्क्यांवर उतरले होते. तिसऱ्यात ते ४० टक्के होते. त्यानंतर तेथेही आयोडीनयुक्त मीठ पोहोचले. मात्र तेथील मुलांना त्यासाठी सहा वर्षे थांबावे लागले, हेही विसरू नये. या कार्याचा वृत्तांत १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी नावेही आहेत.

गलगंड केवळ हिमालयापुरता नव्हता; महाराष्ट्रात औरंगाबाद जिल्ह्यातही तो आढळला होता. शिवाय गळ्यावरची सूज दिसते, मेंदूची हानी दिसत नाही. मातेला आयोडीन कमी पडले, तर बाळाची बुद्धी खुंटू शकते, श्रवणशक्ती अधू होऊ शकते. अशा किती मुलांना वर्गात ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवले गेले असेल! दोष त्यांच्या कष्टांत नव्हता, ताटातल्या मिठात होता.

आज शहरांतून दिसणारे विकार बहुतांशी वेगळ्या कारणाने होतात. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. ती ग्रंथीची नासधूस करू लागली, तर हाशिमोटोचा विकार होतो: थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, पाळीतील बिघाड. तिने ग्रंथीला अतिरेकी चेतवले, तर ग्रेव्हजचा विकार होतो: धडधड, हातांचा कंप, घाम, वजन घटणे. स्त्रियांमध्ये हे विकार पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. असे विकार जास्त मीठ खाऊन बरे होत नाहीत. मंदावलेल्या ग्रंथीसाठी थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह वा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू नये, गरोदरपणात तर मुळीच नाही. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात दोष कळतो. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर बुद्धी वाचते.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. घरी पोहोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. तेवढे असेल तर १० ग्रॅम मिठात गरज भागते. आयोडीन न मिसळलेल्या सैंधवात ते नगण्य असते. उपवासाला सैंधव वापरावे. रोजच्या स्वयंपाकाला मात्र आयोडीनयुक्त मीठच असावे आणि त्याची बरणी घट्ट झाकलेली, ओलाव्यापासून दूर असावी.

एखादे मूल वर्गात सुस्तावू लागले, त्याची उंची खुंटली, गळा भरल्यासारखा दिसू लागला, तर शिक्षकाने रागावण्याआधी पालकांना बोलवावे आणि पालकांनी एका साध्या रक्ततपासणीला विलंब लावू नये. कांगड्यात मुलांचे दुखणे शाळेतच उमगले होते. तशी पाहणारी नजर प्रत्येक शाळेत हवी.