ढगात शिरल्यावर



ओझरच्या मिग विमानांचा आवाज आला की आपण खिडकीकडे धावायचो आणि गणिताचे सर ओरडायचे. त्या खिडकीतला एक मुलगा पुढे हेलिकॉप्टर वैमानिक झाला.

एकदा पावसाळ्यात कसारा घाटावर मी ढगाखालून निघायला गेलो आणि क्षणात सगळे पांढरे झाले. शरीर सांगत होते, सरळ चाललोय. समोरचे यंत्र दाखवत होते, उजवीकडे कललोय. सावकाश घेतलेले वळण कानातल्या द्रवाला कळतच नाही. मी यंत्राचे ऐकले, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले. चौकशीत अचानक ढगात शिरणे आणि वैमानिकाचा दिशाभ्रम हेच कारण निघाले.

मग वैमानिक ढगाखालून जातोच का? कारण बहुतेक हेलिपॅडवर यंत्रांच्या आधारे उतरण्याची सोयच नसते. आता उपग्रह मदतीला आले आहेत. आपली ‘गगन’ यंत्रणा जीपीएसमधली चूक दुरुस्त करते. जून २०२३ मध्ये तिच्या आधारे जुहू ते पुणे हेलिकॉप्टर नेऊन दाखवले गेले. असे आखीव मार्ग झाले, तर डोंगरांवर सुरक्षित उंची राखून ढगातूनही जाता येईल. मात्र त्यासाठी यंत्रांवरचा सराव कायम ठेवावा लागेल.

सर म्हणायचे, “अंदाजाने उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा.” त्या ढगात मी तेवढेच केले.