मनातलं ऐकू आलं तरी

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका मुलीनं प्रश्न टाकला. म्हणाली, ''कॉलेजात सगळे गोड बोलतात. यांच्या मनात काय आहे ते एकदा ऐकू यायला पाहिजे. मग कळेल, कोण आपला नि कोण नाही.'' पोरं हसली. मी हसलो नाही. सोळाव्या वर्षी मलाही नेमकं हेच पाहिजे होतं.

शाळेतल्या एका मित्राच्या घरी पहिल्यांदाच गेलो होतो. त्याच्या आईनं हसून आडनाव विचारलं. मी सांगितलं. हसू तसंच राहिलं, पण पाण्याचा तांब्या पुढे आणणारा हात मागे गेला. बाईच्या मनातलं मला स्वच्छ ऐकू आलं. त्याला कुठली विद्या लागत नाही, आपल्या पोरांना ती जगताजगता येते. ऐकू आलं नाही ते मित्राचं. तो खाली फरशीकडे बघत होता. त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, याचा शोध मी कैक वर्षं घेत होतो.

आधी एक गोष्ट साफ करू. दुसऱ्याचे विचार ऐकण्याला 'टेलिपथी' हे नाव १८८२ साली इंग्लंडात फ्रेडरिक मायर्सनं दिलं. पुढं १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइननं पत्त्यांचे प्रयोग केले. पंचवीस पत्ते, पाच चिन्हं. नुसत्या अंदाजानंही सरासरी पाच जुळतातच. आपल्याकडं त्याहून जास्त जुळतात, असा त्याचा दावा होता. दुसऱ्यांनी करून पाहिलं तर तो टिकला नाही. तेव्हा कुणी बाबा 'तुझ्या मनातलं ओळखतो' म्हणाला, तर आधी खिसा सांभाळा.

पण गोष्टीत ही विद्या खरी धरली, तर माणसाचं काय होतं? इंग्रज लेखक जॉन विंडमची १९५५ सालची 'द क्रिसलिड्स' ही कादंबरी त्याबद्दलच आहे.

जग जळून गेल्यानंतरचा काळ. लॅब्राडॉरमधलं वाकनुक नावाचं गाव. तिथं एकच कायदा: देवानं घडवलं तसंच सगळं पाहिजे. पीक वेगळं उगवलं, जाळा. वासरू वेगळं जन्मलं, कापा, तेही भजन म्हणत. मूल जन्मलं की इन्स्पेक्टर येतो, बोटं मोजतो, मगच माणूस असल्याचा दाखला मिळतो. दाखला नाही तर मूल नाही. अशी वेगळी माणसं जगलीवाचलीच तर त्यांना गावाबाहेर, रानात हाकलायचं. हे वाचताना मला परदेशात गेल्यासारखं वाटलंच नाही.

या गावात डेव्हिड नावाचा पोरगा आहे. तो आणि आणखी काही पोरंपोरी तोंड न उघडता एकमेकांचं मन ऐकतात. बाकीच्यांचं नाही, फक्त आपसातलं. हात-पाय धड, म्हणून पकडले जात नाहीत. पण रोज भीती. चारचौघांत कुठल्या वेळी हसायचं नाही, हेसुद्धा शिकावं लागतं. आडनाव बदलून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला विचारा, तो सांगेल हे कसलं जगणं असतं.

डेव्हिडची एक मैत्रीण, सोफी. तिच्या पायाला सहा बोटं. तिला मनबिन काही ऐकू येत नाही. डेव्हिड तिचं गुपित राखतो, पण बापाच्या चाबकाखाली शेवटी बोलून जातो. म्हणजे विद्या होती, तरी मैत्रीण वाचली नाही.

आता शेवट ऐका. दूरच्या देशातून एक बाई विमानातून येते. तिच्या देशात लोकांना मन ऐकू येतं. ती डेव्हिडला नि त्याच्या सोबत्यांना वाचवते. पण कशी? वरून चिकट धागे सोडते आणि खाली उरलेले सगळे मारते. हाकलणारे मारते नि हाकललेलेही मारते. वर समजावते, आम्ही वरच्या दर्जाची माणसं, खालच्यांनी आमच्यासाठी जागा केली पाहिजे.

च्यायला! ही भाषा आपण कुठंतरी ऐकलीय की नाही?

लोकांची मनं ऐकणारी बाई. तिला दुसऱ्याचं दुःख कानानं ऐकू येत असणार. तरी धागे सोडताना तिचा हात थरथरला नाही. का, तर खालच्याचं मन हे मनच नाही, असं तिनं आधीच ठरवलं होतं. चातुर्वर्ण्यही हेच ठरवून उभं राहिलं. ऐकू येत नव्हतं म्हणून नाही, मोजायचंच नव्हतं म्हणून.

याच पुस्तकात अॅक्सल नावाचा माणूस आहे. जुना खलाशी, पायानं अधू. त्याला कुणाचं मन ऐकू येत नाही. पण डेव्हिडचं गुपित पहिल्यांदा त्याला कळतं. तो ओरडत नाही, इन्स्पेक्टरकडं जात नाही. पोराला जवळ बसवतो. सांगतो, मी समुद्र पाहिलाय. दूरदूरच्या मुलखांत जो तो स्वतःलाच देवाचं खरं रूप समजतो नि दुसऱ्याला बिघडलेला. मग पोराच्या पाठीशी उभा राहतो. जीव धोक्यात घालून.

तर पोरी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. समोरच्याच्या मनात काय आहे ते कळून आपलं भागत नाही. बऱ्याचदा ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. वेळ आल्यावर तो तोंड उघडतो का, एवढंच बघायचं.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीत आपल्याहून खाली कुणाला समजतो आपण? त्याच्या घरचं पाणी पितो का? बायकोच्या, बहिणीच्या मनातलं कधी विचारलं का? का आपणही विमानातलेच?

तो मित्र मला पुढं बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. मी सरळ विचारलं, ''त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं?'' तो म्हणाला, ''लाज वाटत होती रे.''

मी म्हटलं, ''मग बोलायचं होतंस.''

गाडी आली. तो गेला. पण मित्रांनो, विचारल्यावर माझं ओझं अर्धं उतरलं. उरलेलं अर्धं त्याचं आहे. ते त्यानंच उचलायचंय.